लांब्याचा हात

आमच्या मधलीची एक खोड आहे. तिला येता आलं नाही की ती वस्तू पाठवते. तिचा बाप अंथरुणाला खिळला होता तेव्हा "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत राहिली आणि कपडे वाळवायचं यंत्र आलं. भाचीच्या लग्नाला आली नाही, फ्रिज आला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सुट्टी टाकते म्हणाली आणि सुट्टीऐवजी पायाला शेक देणारा पट्टा आला, कसा बांधायचा त्याच्या पुस्तकासकट. माझ्या घरात फिरून बघा. जिथे जिथे भारी वस्तू दिसेल, तिथे तिथे मधली नव्हती असं समजायचं.

या वेळी खुर्ची आली. दोन माणसांनी धापा टाकत आत आणून ठेवली. बटण दाबलं की ती मागून हळूहळू वर उचलते आणि बसलेल्या माणसाला उभं करते. थोरल्याने दोनदा बसून दाखवलं. मी म्हटलं, उभंच राहायचं तर बसायचं कशाला? धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांचा ढीग तिच्यावर टाकला आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मधली स्वतः आली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वस्तू आली की माणूस येत नाही, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता. तो मोडला म्हणजे काहीतरी बिनसलंय.

आमची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मधे धुलाई आणि इस्त्री, मागे राहायच्या खोल्या. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. घरात कायम वाफेचा आणि सोड्याचा वास. नवरा गेल्यावर मी चालवली, आता थोरला चालवतो आणि तो कुठे चुकतो ते मी बघते. मधलीने लहान बॅग भिंतीला टेकवली, "जरा सुट्टी घेतलीय" म्हणाली आणि माझ्या पलंगावर आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. उठली म्हणजे काय, बसली. फोन पालथा ठेवलेला. तो थरथरला की तिचे खांदे आखडायचे. जेवायला हाक मारली की "घेते गं" म्हणायची आणि घ्यायची नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, हाताखाली माणसं असलेली, आणि माझ्या उशीवर तोंड खुपसून पडलेली. मी काही विचारलं नाही. विचारलं की ही पोर गोगलगायीसारखी शंखात जाते, लहानपणापासून. आणि खरं सांगायचं तर माझ्यातही आता खोदून विचारायचं त्राण उरलेलं नाही.

मधली काय करते ते आमच्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण मी सांगते. वर आकाशात एक स्थानक फिरतं, त्यात माणसं राहतात. त्यांना सामान घेऊन खालून दुसरं यान जातं. ते जाऊन पहिल्याला अलगद जोडलं गेलं पाहिजे, आपटलं तर खेळ खलास. कुठल्या वाटेने जायचं, कधी किती जोर लावायचा, ते गणित आमच्या मधलीचं. मी शाळा सोडली तेव्हा माझा पाढा नवाला अडला होता आणि माझ्या पोटची पोर यानांच्या गाठी घालते. हे मी सांगणार नाही तर कोण सांगणार? आमच्याकडे शर्ट टाकणारा दंतवैद्य तर आत शिरतानाच विचारतो, "काय म्हणतंय आकाश?"

गेला महिनाभर त्याने तसं विचारलं नव्हतं. बातमी सगळ्यांनी पाहिली होती. सामानाचं यान स्थानकाच्या अगदी जवळ गेलं, जिथे जायचं नव्हतं तिथे शिरलं आणि उलटं फिरून लांब पळालं. त्याच्या धुराड्याच्या फवाऱ्याने स्थानकाचं उन्हावर वीज करणारं एक मोठं पातं हललं. आतली माणसं दारं लावून एका खोलीत बसून राहिली. कुणाला काही झालं नाही. सामान मात्र पोचलं नाही. मग बातम्यांत आलं की खालच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाचा हात उशिरा चालला.

"डुलकी लागली असेल," दंतवैद्य म्हणाला होता. मी त्याच्या शर्टांच्या गठ्ठ्याला नेहमीपेक्षा जरा घट्ट गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाली बाई आली नव्हती. मी मधलीला म्हटलं, "पडून पडून माझ्या गादीला खळगा पडला. चल, चादरींना टोकं धरायला माणूस हवंय." चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकं एकमेकांच्या हातात द्यायची, परत मागे. तोंड समोरासमोर असतं, पण हात गुंतलेले असतात, त्यामुळे बोलणं सोपं जातं. माझ्या तिन्ही पोरांच्या भानगडी मला घड्या घालतानाच कळल्या.

चार-पाच चादरी मुकाट्याने झाल्या. मग मीच म्हटलं, "ते यान एवढं चुकलं कसं? सरळ जायचं आणि चिकटायचं."

"सरळ जाता येत नाही आई. दोन्ही फिरत असतात ना. पुढच्याला गाठायचं म्हणून जोर लावला की आपण वर जातो, वरचा फेरा मोठा, मग आणखीनच मागे पडतो. गाठायचं तर वेग कमी करायचा. खाली यायचं. खालचा फेरा लहान, त्यात पुढे निघायचं, मग परत वर."

"तरीच तुला जमलं. घाई केलेली तुला कधी पाहिलीच नाही मी."

ती जराशी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग तिने मला चादर ताणून धरायला लावली, स्वतःची टोकं एका हातात घेऊन थोडी सैल सोडली आणि खिडकीतल्या वाटीतलं एक सुटं बटण चादरीवर टाकलं. आमच्याकडे अशा तुटक्या बटणांची वाटी कायम भरलेली असते. बटण घरंगळत मधल्या खोलगट जागी जाऊन थांबलं.

"हे उत्तर," ती म्हणाली. "चादरीवरची प्रत्येक जागा म्हणजे जायची एक वाट. जागा जितकी खाली, तितकं इंधन कमी. आम्हाला सगळ्यात खालची जागा हवी असते."

"एवढंच?"

"एवढंच असतं तर बरं झालं असतं. खरी चादर चुरगळलेली असते. बटण एखाद्या सुरकुतीत अडकतं आणि त्याला वाटतं, आला तळ."

"मग?"

"मग इस्त्री करतो. खरं गणित जरा सपाट करून घेतो, त्याचा तळ शोधतो. तिथे पोचून खरी चादर परत बघतो, तेवढ्यापुरती परत इस्त्री, परत तळ. असं सरकत सरकत खऱ्या तळाशी येतो."

"म्हणजे एवढं शिकवलं, परगावी ठेवलं, आणि शेवटी इस्त्रीच."

"इस्त्रीच," ती म्हणाली, आणि तिचं हसू तिथेच विरलं. बटण चादरीवरून उचललं नाही तिने. त्याच्याकडे बघत राहिली.

माझे हात दुखायला लागले होते. पण मी चादर सोडली नाही. आता काहीतरी बाहेर येणार हे मला कळलं होतं.

"स्थानकाभोवती एक गोल आखलेला असतो," ती म्हणाली. "त्यात शिरायचं नाही. समोरून नरसाळ्यासारखी एक निमुळती वाट, तेवढीच मोकळी. वळसा घालायचा, नरसाळ्याच्या तोंडाशी यायचं आणि मग आत."

"भिंत घालायची मग."

"भिंत घातली की कधीकधी गणिताला वाटच सापडत नाही. सुरुवात करताना चुकून भिंतीच्या आत पाय पडला, तर ते म्हणतं, उत्तर नाही. आणि गप्प बसतं. वर यान धावतंय आणि गणित गप्प, तर करायचं काय? म्हणून आम्ही भिंतीऐवजी दंड ठेवतो. शिरायचं तर शिर, पण एवढा दंड पडेल. आणि प्रत्येक फेरीला दंड वाढवत न्यायचा. शेवटी इतका, की शिरणं परवडूच नये. मग तो भिंतीसारखाच होतो."

"बरं."

"मी वाढवला नाही."

मागे मोठं यंत्र पिळायला लागलं होतं. त्याचा आवाज चढत गेला. तो थांबेपर्यंत दोघी तशाच चादर धरून उभ्या राहिलो.

"दंड फार चढवला की चादरीला एकदम उभी घडी पडते," ती म्हणाली. "बटण नीट घरंगळत नाही, इकडून तिकडे उड्या मारतं. यानावरचा संगणक लहान आहे, हळू आहे. त्याला उत्तर वेळेत मिळेना. म्हणून चाचण्यांपुरता दंड कमी ठेवला. चाचण्या सगळ्या पास झाल्या. इंधन भरपूर होतं ना, आत शिरायची गरजच कुणाला पडली नाही. उड्डाणाआधी आकडा बदलायचा होता. राहिला."

"राहिला म्हणजे विसरलीस?"

तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं.

"नाही. आठवत होतं. बदलला असता तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागल्या असत्या. तारीख हुकली असती. मला वाटलं, कोण शिरतंय."

पुढचं तिने भराभरा सांगितलं, जसं दुखरं नख एकदाचं ओढून टाकावं. त्या दिवशी एक इंजिन अशक्त निघालं. इंधन महाग झालं. गणिताने पाहिलं की वळसा घालून नरसाळ्यापर्यंत जाण्यापेक्षा दंड भरून कोपरा कापणं स्वस्त पडतंय. त्याने कोपरा कापला. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सगळं हिरवंच होतं, कारण गणिताच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. दंड भरलेला होता.

"मग तो उशिरा हात चाललेला माणूस?"

"तो उशिरा नव्हता, आई. त्याने काही लाल व्हायच्या आत ओळखलं. रेघ जिथे वाकायला हवी तिथे वाकत नाही, हे नुसत्या डोळ्यांनी. त्याने माघारी फिरवलं नसतं तर..." ती थांबली. "चौकशीवाले दोन वेळा बघतात. यान आत शिरलं ती वेळ आणि त्याने माघारीचं बटण दाबलं ती वेळ. मधे अंतर आहे. बास. माणूस चुकला."

"कोण आहे तो?"

"लांब्या."

मी चादर सोडली. बटण जमिनीवर पडलं आणि कुठेतरी यंत्राखाली गेलं.

लांब्या मधलीच्या बरोबर शिकलेला. त्या काळात ही चार-पाच पोरं आमच्या मागच्या खोलीत अभ्यास करायची, कारण इथे ऊब असायची. लांब्या इतका उंच की आमच्या मधल्या दारात दर खेपेला त्याचं कपाळ आपटायचं. थोरला म्हणायचा, दाराला गादी लावू या. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत मधली नव्हती, पण लांब्या दोनदा येऊन गेला होता, रात्रभर बसला होता आणि सकाळी चादरींच्या ढिगावर वाकडातिकडा झोपलेला सापडला होता. मी त्याच्या अंगावर दवाखान्याचीच एक चादर टाकली होती.

"कुणाला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"मला. आणि आता तुला."

खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा काउंटर आठवला. दंतवैद्याचं तोंड आठवलं. मग लांब्याचं कपाळ.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं तर ही पद्धतच बंद करतील. आकडा चुकला असं म्हणणार नाहीत, पद्धत भरवशाची नाही म्हणतील. परत जुनी रीत, दुप्पट इंधन, ठरलेले वळसे. आमच्या सगळ्यांची एवढी वर्षं पाण्यात. पोरं आहेत माझ्या हाताखाली, त्यांनी रात्री घालवल्यात यात." तिने कपाळ चोळलं. "आणि मी दमलेय आई. परत पहिल्यापासून उभं राहायचं माझ्यात नाही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"फाशी काय गं. नुसता शेरा. सोमवारी अहवालावर सह्या झाल्या की संपलं."

मला बोलायचं नव्हतं असं नाही, पण दमलेल्या माणसाशी भांडायला दुसरा ताजा माणूस लागतो. आम्ही दोघीही त्या दिवशी त्यातल्या नव्हतो. उरलेल्या चादरींच्या घड्या मी एकटीने घातल्या, वाकड्या. थोरल्याने त्या मुकाट्याने परत उलगडून घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लांब्या आला.

काउंटरवरून थोरल्याने हाक दिली, "आई, लांब्या आलाय." मधली मागच्या खोलीत अभ्रे घडी करत बसली होती. तिचे हात थांबले आणि परत चालू झाले. मी दाराकडे पाहत होते, सवयीने. आता आपटेल. तो आपटला नाही. दार यायच्या कितीतरी आधीच तो वाकला आणि तसाच वाकून आत आला. इतक्या वर्षांत एकदाही न वाकलेला माणूस.

"फोन उचलत नाहीस," तो मधलीला म्हणाला. "ऑफिसात कळलं आजारी आहेस. म्हटलं इथेच असणार. कसं आहे?"

"ठीक," मधली म्हणाली. "अंग दुखतंय."

"मावशी, ही नवी कोण?" त्याने खुर्चीकडे बोट केलं.

"मला उभं करायला आणलीय. तू बस, बघ तुझं काही भलं होतंय का. तुला आणखी उभं केलं तर छप्पर जाईल."

तो हसला आणि मी उचललेल्या ढिगाच्या जागी बसला. गुडघे पार छातीशी. मी चहा टाकला. मागून खुर्चीचा आवाज यायला लागला, घूं करून वर, घूं करून खाली. मला वाटलं, खेळतोय. पोरगंच ते. चहा घेऊन आले तर त्याचे ओठ हलत होते. अंगठा बटणावर, डोळे मिटलेले. दाबायचा, ऐकायचा, सोडायचा. परत.

"काय रे हे?"

"काही नाही मावशी." मग थोड्या वेळाने, "तुम्ही जरा सांगता का? मी 'आता' म्हणेन आणि दाबेन. शब्द आधी येतो का अंगठा, तेवढं बघा. आपलं आपल्याला कळत नाही."

मी कप हातात धरून उभी राहिले. तो "आता" म्हणाला. खुर्ची हलली.

"बरोबरच होतं," मी म्हटलं.

"नाही, नीट बघा. आता."

"अरे बाबा, बरोबर आहे."

"घरी लिफ्टच्या बटणावर बघतो," तो म्हणाला, "दिव्याच्या बटणावर बघतो. बायको म्हणते वेड लागेल. डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने हातोडी मारून पाहिली, सुया टोचून पाहिल्या, म्हणाला नसा उत्तम आहेत. पण मला हात जड वाटतो. दुसऱ्याचा असल्यासारखा." त्याने पंजा उघडला, मिटला. "मी तर छातीठोक सांगितलं असतं, मावशी. दिसलं आणि दाबलं, मधे श्वाससुद्धा नव्हता. पण कागदावर आहे मधे. भरपूर आहे. म्हणजे तेवढा वेळ मी काय करत होतो? मला आठवतच नाही. ज्याला स्वतःचा गेलेला वेळ कळत नाही, त्याने काय करायचं?"

मी मधलीकडे पाहिलं. ती अभ्र्याची शिवण अंगठ्याने दाबत होती. सरळ असलेली शिवण.

"चहा घे," ती म्हणाली. "गार होतोय."

"गाडी सोडलीय मी," लांब्या माझ्याशीच बोलत होता. "पोरीला शाळेत मी सोडायचो. आता बायको सोडते. पोरगी विचारते, बाबा का नाही. काय सांगणार, मागे तू बसलेली असतेस आणि पुढे बाबाचा पाय ब्रेकवर कधी पडेल ते बाबाला माहीत नाही?" त्याने चहा एका घोटात संपवला. "असो. सोमवारी सही करून टाकतो. साहेब म्हणाले, मान्य आहे असं लिहिलं की फार वाढवणार नाहीत."

"मान्य आहे?" मी विचारलं.

"यंत्र खोटं कशाला बोलेल, मावशी." मग तो मधलीकडे वळला. "तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तुझं गणित शेवटपर्यंत हिरवं होतं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. काम उत्तम होतं, माझ्यामुळे वाया गेलं. तेवढं सांगायलाच आलो होतो."

मधली "हं" म्हणाली.

तेवढंच. मी वाट पाहिली. आमच्या घड्याळाचा काटा हलताना आवाज करतो, तो ऐकत वाट पाहिली. तिने अभ्रा घडी केला, ढिगावर ठेवला, दुसरा घेतला.

लांब्या उठला. खुर्चीचं बटण न दाबता उठायचं त्याच्या लक्षात आलं नाही, म्हणून ते धूड त्याला हळूहळू उचलत राहिलं आणि तो लाजल्यासारखा हसत बसून राहिला, उभा होईपर्यंत. मग वाकून दारातून गेला. पुढे काउंटरवर थोरल्याशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला, काचेचं दार लागल्याचा आवाज आला.

मी त्याचा कप उचलला. मला फार थकवा आला होता. गुडघ्यातला नेहमीचा तर होताच, पण हा वेगळा, अख्ख्या गठ्ठ्यावर पाणी पडावं तसा. मी त्या खुर्चीत बसले. आल्यापासून पहिल्यांदाच. गादी अजून गरम होती.

"आई," मधली म्हणाली. मान खालीच. "मी त्याची सोय केलीय."

"कसली?"

"साहेबांशी बोललेय. त्याला शिकवायच्या विभागात घेतील. नवी पोरं तयार करायची. पगार जास्त, घरापासून जवळ, रात्रपाळी नाही. परत कधी त्या पडद्यासमोर बसावं लागणार नाही. त्याच्या पोरीसाठीही वेळ मिळेल." ती आता भराभरा बोलत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. "महिनाभर मागे लागून करून घेतलंय. सोपं नव्हतं."

"त्याला माहीत आहे?"

"सह्या झाल्यावर कळेल. त्याला वाटेल संस्थेनेच दिलं. माझं नाव कुठेच येणार नाही. बघ ना, त्याचं नुकसान काहीच नाही. उलट बरंच होईल."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे, दारातून, वाळवायचं यंत्र दिसत होतं. त्याच्या पलीकडे फ्रिज. पायाचा पट्टा खुंटीला टांगलेला. एक एक वस्तू चांगली, टिकाऊ, महागाची. एकही बिघडलेली नाही इतक्या वर्षांत.

खुर्चीच्या हातावर बटण होतं. मी ते दाबलं नाही. दोन्ही हात रेटून उठले. वेळ लागला, पण उठले.

"ऐक," मी म्हटलं. "तुझं आकाशातलं मला कळत नाही, आणि आता कळून घ्यायचं वयही राहिलं नाही. पण काल तू चांगलं समजावलंस. वळसा परवडत नाही असं दिसलं की तू दंड भरतेस आणि आत शिरतेस. बापाच्या वेळी भरलास, माझ्या वेळी भरलास. आम्ही घेतला, दारात आलेली वस्तू कुणी परत लावत नाही. लांब्याही घेईल. तो तर आभार मानेल. पण त्या माणसाला बदली नको आहे आणि पगार नको आहे. तू त्याचा हात नेलायस. दिव्याचं बटण दाबायची त्याची हिंमत नाही राहिली, आणि तू त्याला चहा गार होतोय म्हणून सांगतेस. पद्धत बंद होईल, होऊ दे. पोरांची वर्षं जातील, ती पोरं रडतील आणि परत कामाला लागतील, तरुण आहेत. तुझी खुर्ची जाईल, मग ये इथे, टोकं धरायला माणूस लागतंच. साहेबांना सोमवारी सांग. त्याला आत्ता सांग, आधी त्याला. चप्पल घाल. गाडी सोडलीय त्याने, बस यायची असेल अजून, थांब्यावर सापडेल. त्याचा हात त्याला परत दे. आणि परत येशील तेव्हा माझ्यासाठी काही आणू नकोस."